आष्टीची माळवदे

नगरहून आष्टीला आता आगगाडीने जाता येते. 23 सप्टेंबर 2022 रोजी ही गाडी सुरू झाली. अंतर अवघे 66 किलोमीटर. पण त्यासाठी किती वर्षे वाट पाहिली, हे डब्यातला कोणीही म्हातारा न विचारता सांगतो. खिडकीबाहेर माळ, बाभळी, मधूनच ज्वारीचा तुकडा. आष्टी पाहायची ती जुन्या घरांत शिरून.

ही घरे माळवदाची. लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर फळ्या आणि वर पांढऱ्या मातीचा हातभर थर. खांबांमधली जागा म्हणजे खण. घराची ऐपत खणांवर मोजायची. बाहेरची भिंत दगडमातीची, चांगली दोन हात रुंद. भर वैशाखात आत पाऊल टाकावे, तो माठाजवळ बसल्यासारखे वाटते!

आम्ही ज्यांच्याकडे उतरलो, त्या आजींच्या घरी या माळवदावरूनच वाद पेटला होता. मुलगा म्हणे, पाडून स्लॅब टाकू. आजी म्हणत, डागडुजी करू. मुलाची भीती काही खोटी नव्हे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून माणसे झोपली होती. त्यांतली हजारो अशाच दगडमातीखाली गेली. आजींचे माहेर उमरग्याकडचे. त्यांना हे कोणी सांगायला नको.

"भिंत दोन पदरी असती बघा," आजी म्हणाल्या. "बाहेरचा दगड येगळा, आतला येगळा. मधी नुसता भराव. हादरा बसला की दोन्ही पदर फाकत्यात."

त्यावरचा इलाज भूकंपानंतर गावोगाव करून दाखवला गेला. भिंतीतला दगड काढून आरपार भोक पाडायचे, त्यात वाकवलेली सळई घालून काँक्रीट भरायचे. दोन्ही पदर एकमेकांना टाचले जातात. छपरावरची माती कमी करायची, खांब आणि तुळई यांना तिरके आधार द्यायचे. सोपे आहे, पण फुटक्या भिंतीला आणखी भोके पाडू द्यायला कोण धजेल? इथे बायका पुढे झाल्या. तेरा जिल्ह्यांतील सुमारे दोन लाख घरांच्या या दुरुस्तीत 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने महिला मंडळांतल्या बायकांना 'संवाद सहायक' केले. सरकारी मदतीचे हप्ते, सळईची जागा, गवंड्याचे काम, सारे त्या घरोघर समजावीत. ज्या बायकांना चावडीवर कोणी बसा म्हटले नसते, त्या गवंड्याच्या चुका काढू लागल्या. (गवंड्यांना हे कितपत रुचले असेल, याची कल्पना वाचकांनी करावी.) पुढे 26 जानेवारी 2001 ला कच्छ हादरले, तेव्हा लातूर-उस्मानाबादकडच्या बायका तिथल्या बायकांना धीर द्यायला आणि अनुभव सांगायला गेल्या.

आजींची भावजय अशीच एक सहायक होती. तिने शिकवलेले आजींना पाठ आहे. पण खेड्यातल्या किल्लारीनंतरच्या पिढीला दगडाचाच धसका बसला, आणि सिमेंटची घरे उन्हाळ्यात तापतात हे तिने सोसले. माझे मत विचाराल तर लाकूड धड आहे तोवर आजींचे खरे. खांब किडले असतील, तर मुलाचे.

अखेर तह झाला. गवंडी बोलावून एकच भोक पाडायचे आणि मग ठरवायचे. दुपारी ते पाडले. आतून मुरूम, गोटे आणि कोरडी माती निघाली. आजींनी ती घमेल्यात भरून ओट्यावर ठेवली. मुलगा बराच वेळ चिमटीने ती माती चोळून पाहत होता. मग खिशातली टेप काढून पुढच्या भोकाची जागा मोजू लागला.