हळदीच्या कागदावर कास

कासच्या पठारावरचे फूल तोडू नये, हा नियम मला चित्रकार म्हणूनही मनापासून पटतो. साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर, सुमारे बाराशे मीटर उंचीवर जांभ्याचा खडक पसरलेला आहे. त्यावर मातीचा जेमतेम थर. त्या मातीत पोषण इतके कमी, की सीतेची आसवे ही इवली वनस्पती बारीक जीव पकडून आपली गुजराण करते. २०१२ मध्ये पश्चिम घाटाचा भाग म्हणून कास जागतिक वारशाच्या यादीत आले. पण वारशाचे नाव नसते, तरी तिथले रोप उपटायला माझा हात धजला नसता.

सूर्यछापाची जुनी रीत मात्र नेमकी रोप तोडण्याची. इंग्लंडमध्ये ॲना ॲटकिन्स यांनी १८४३ पासून समुद्रशैवाल थेट कागदावर ठेवून, ऊन दाखवून निळे छापे काढले. कासला ती वाट बंद. म्हणून मी कॅमेऱ्याकडे वळलो. पठारावर वारा थांबत नाही, गेंदाच्या फुलांचे बारीक देठ सतत हलतात. वाऱ्याच्या दोन झुळकांमधल्या क्षणाची वाट पाहत गुडघ्यांवर बसायचे. घरी आल्यावर संगणकावर रंग काढून टाकायचा, काळे-पांढरे ठळक करायचे आणि पारदर्शक फिल्मवर छापायचे.

यापुढचे काम सांगलीचे, आणि सांगलीच्या हळदीचे. २०१८ मध्ये या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. राजापुरी हळदीची पूड स्पिरिटमध्ये भिजवतो, कारण तिचा रंग पाण्यात नीट उतरत नाही. फडक्यातून गाळून तो अर्क कागदावर ब्रशने पसरायचा आणि कागद अंधारात वाळवायचा. मग त्यावर फिल्म, वर काच, आणि गच्चीवरचे ऊन. कासच्या फुलांच्या दिवसांत तिथे धुके असते, ऊन मिळाले तर मिळाले. सांगलीचा ऑक्टोबर मात्र या कामाला हवा तसाच तापतो.

हळदीचा डाग उन्हात उडतो, हे कपडे वाळत घालणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. इथे तेच ज्ञान कामी येते. फिल्मवर जिथे काळी शाई, तिथे पिवळा रंग टिकतो. जिथे काही नाही, तिथला उडून जातो. जॉन हर्शेल यांनी फुलापानांच्या रसांवर होणारा उन्हाचा परिणाम १८४२ मध्ये मांडला. त्याच लेखनात त्या निळ्या छाप्यांचीही रीत होती.

ऊन दाखवून झाले, की कागद टाकणखाराच्या पाण्यातून काढायचा. उरलेला पिवळा क्षणात तांबूस होतो. हळदीपासून कुंकू करणाऱ्यांच्या हाताखालची क्रिया हीच. मला या साऱ्या कामात ती घटका सर्वांत प्रिय आहे.

गेंद तर या रीतीसाठीच जन्मला असावा. तो पांढरा, म्हणून फिल्मवर त्याची जागा मोकळी. ऊन सरळ आत शिरते आणि फुलाच्या जागी नुसता कोरा कागद उरतो, भोवती कुंकवाच्या छटेचे गवत. सीतेच्या आसवांचा निळा मी आनंदाने सोडतो. कासचे रंग आता प्रत्येक फोनमध्ये आहेत. फुलाचा घाट, ओठासारखी पाकळी, दोऱ्याएवढा देठ यांकडे मात्र नजर ठरत नाही, आणि रंग गेला की ती ठरते.

हे छापे पक्के करता येत नाहीत. प्रकाशात ते फिकट होत जाणारच. सांगलीजवळच्या हरिपुरात जमिनीखालच्या पेवांत हळद वर्षानुवर्षे अंधारात ठेवत असत. मीही छापे बंद पेटीत ठेवतो, दाखवायला काढतो, परत ठेवतो. कुणी म्हणते, संगणकावर हीच छटा चढवून टिकाऊ कागदावर छापा. ते मला नको. त्यात ना हळद असेल, ना ऊन.

टोपली कारवीचा छापा अजून व्हायचा आहे. सात वर्षांनी एकदा फुलणारे ते गोल झुडूप लहान कागदावर कोंबणे बरे नव्हे. तिच्यासाठी मोठी काच आणली आहे. त्या मापाची सागवानी चौकट सुताराकडे सांगितली आहे.