निम्मा दाब, पाव शक्ती

कला शाखेच्या विद्यार्थिनीने व्होल्ट आणि वॅट यांच्यावर लिहावे, हे काहींना आगाऊपणाचे वाटेल. विज्ञान शाखेची मंडळी गालातल्या गालात हसतील. मराठीचे सर विचारतील, "यात ललित ते काय?" पण ज्या घराने आपल्या माणसांच्या निरोपाची दोन दिवस वाट पाहिली आहे, त्या घरात बॅटरी हा शब्द रूक्ष राहत नाही.

आमचे घर साताऱ्याला आणि आजोळ सांगलीला. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. आजोळच्या घरात पाणी शिरले, वीज गेली, मोबाइल बंद पडले. आजी आणि मामा कुठे आहेत, हे कळायला मार्ग उरला नाही. आई देवघरासमोरून उठत नव्हती. दोघेही शेजाऱ्यांच्या गच्चीवर सुखरूप आहेत, हे तिसऱ्या दिवशी समजले. पूर ओसरल्यावर मामाने आधी घरातला चिखल काढला आणि मग हौशी रेडिओच्या परवान्याचा अभ्यास सुरू केला. आजोबा तारखात्यात होते. त्यामुळे कट्ट-कडची भाषा त्याच्या कानांना लहानपणापासून ओळखीची होती. देशातली तारसेवा २०१३ साली बंद झाली; आमच्या घरात ती अशी पुन्हा सुरू झाली. पुढे मीही परवाना मिळवला.

मामाने एक संच जेवणाच्या डब्यात बसवला आहे. तो फक्त मोर्सची टिंबे आणि रेघा पाठवतो. लहर ४० मीटरची, म्हणजे सुमारे ७ मेगाहर्ट्झ. ही लहर उभी वर जाते आणि आयनांबरावरून परत खाली येते, म्हणून सातारा-सांगलीमधल्या डोंगरांची तिला दिवसा फारशी अडचण होत नाही. १९४२ साली उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत जागा बदलत बदलत काँग्रेस रेडिओ चालवला, तोही ४२.३४ मीटरवर, म्हणजे आमच्या अगदी शेजारीच. उषाताई तेव्हा बावीस वर्षांच्या विद्यार्थिनी होत्या. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भागही तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता, सांगली शहर मात्र संस्थानात होते; दक्षिण सातारा वेगळा झाला तो १९४९ मध्ये. लहरीला मात्र जिल्ह्याची हद्द तेव्हाही ठाऊक नव्हती आणि आजही नाही.

मामाला एक प्रश्न छळत होता. पुरात वीज जाणार हे ठरलेलेच. मग बॅटरीचा दाब उतरत गेला, तर निरोप कुठवर पोचेल? त्याने मला हिशेब समजावला. "अगं, दाब निम्मा केलास की प्रवाहही निम्मा होतो. शक्ती म्हणजे या दोघांचा गुणाकार. मग ती किती राहील?" निम्म्याचे निम्मे, म्हणजे पाव. १२ व्होल्टवर ४ वॅट देणारा संच ६ व्होल्टवर एकच वॅट देणार! मला वाटले, संपलेच सगळे. मामा म्हणाला, "कागदावर रडू नको. प्रयोग करू."

एका रविवारी सकाळी मी आणि धाकटा भाऊ यवतेश्वरला गेलो. वीस मीटर लांबीची तार दोन झाडांमध्ये बांधली. सांगलीत, सरळ रेषेत सुमारे शंभर किलोमीटरवर, मामा कानाला हेडफोन लावून बसला. अशा वेळी ऐकणारा तीन आकडी अहवाल देतो. पहिला आकडा वाचनीयतेचा, पाचपैकी. दुसरा आवाजाच्या ताकदीचा, नऊपैकी. तिसरा स्वराच्या शुद्धतेचा, तोही नऊपैकी.

आधी मोटारसायकलची १२ व्होल्टची बॅटरी जवळ घेऊन आखूड, जाड तारेने जोडली. अहवाल आला : ५७९. मग इमर्जन्सी दिव्यातली ६ व्होल्टची बॅटरी जोडली. मीटरचा काटा जेमतेम एका वॅटवर टेकला. मी चाचरतच बटण दाबत होते. अहवाल आला : ५६९. चार वॅटचा एक वॅट झाला आणि पलीकडे ताकदीची एकच पायरी उतरली. वाचनीयता पुरी पाच, स्वर पुरा नऊ! मामाने नंतर सांगितले, की ही पायरी मुळात चौपटीचीच मानलेली आहे. बोलणाऱ्याला तीन चतुर्थांश गमावल्यासारखे वाटते. ऐकणाऱ्याला फक्त थोडे लक्ष देऊन ऐकावे लागते.

तिसरा प्रयोग मामाने मुद्दाम सांगितला होता. १२ व्होल्टची बॅटरी खाली रस्त्याकडेला ठेवायची आणि वीस मीटर लांबीच्या बारीक वायरने वरच्या संचाला जोडायची. बटण न दाबता मीटरने मोजले तर दाब पुरा बारा. बटण दाबले की दहावर घसरे आणि सोडले की पुन्हा बारा. बारीक वायरचा रोध जाता-येता दोन व्होल्ट खाऊन टाकत होता. हिशेबाने शक्ती पावणेतीन वॅट, म्हणजे सहा व्होल्टच्या प्रयोगाच्या जवळजवळ तिप्पट. पण अहवाल आला : ४७६. ताकद होती, पण प्रत्येक रेघ एका सुरात सुरू होऊन दुसऱ्या सुरात घसरत होती. चिमणीने चिवचिव करावी, तसे मामाला ऐकू येत होते. दोन अक्षरे त्याला पुन्हा मागावी लागली.

उतरताना घाटात मी याच आकड्यांचा विचार करत होते. कमी दाबाने नुकसान केले नव्हते. केले ते डळमळत्या दाबाने. एक वॅट स्थिर होता म्हणून पुरा समजला. पावणेतीन वॅट अस्थिर होते म्हणून अर्धवट कळले. शिवाय भार पडण्यापूर्वीचा दाब मोजून बॅटरीची किंवा वायरची पारख होत नाही. ती होते बटण दाबल्यावर, प्रत्यक्ष बोलायची वेळ आल्यावर. वक्तृत्व स्पर्धेत पहिल्या वाक्याला व्यासपीठ दणाणून सोडणारे आणि तिसऱ्या वाक्याला अडखळणारे वक्ते आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत. त्यांच्यापेक्षा हळू पण शेवटपर्यंत एका सुरात बोलणारी एखादी मुलगी मागच्या बाकावरही समजते.

आता सांगलीच्या घरी वरच्या मजल्यावर फडताळात एक पिशवी कायम तयार असते. तिच्यात तो डबा, गुंडाळलेली तार, ६ व्होल्टची बॅटरी आणि हातभर लांबीची जाड वायर आहे. जुलै २०२१ मध्ये कृष्णा पुन्हा चढली होती, तेव्हापासून पिशवी खाली आणायचीच नाही, असा आजीचा नियम आहे. दर महिन्याला मामा बॅटरी तपासतो, तीही भार टाकून. ही सारी हकिगत आम्ही आजीला सांगितली तेव्हा तिला वॅट कळले नाहीत, पण मुद्दा बरोबर कळला. ती म्हणाली, "मोठ्यानं नको ओरडू बाई. हळू सांग, पण सगळं सांग."