झिरो आल्यावरही दोन डबे

नरखेडमध्ये समुद्र पाळतो म्हटलं की लोक हसतात. हसण्यासारखंच आहे म्हणा. देशाच्या मधोमध, संत्र्याच्या पट्ट्यात, जिथून कुठलाही किनारा शेकडो किलोमीटर लांब, तिथे बैठकीच्या खोलीत 120 लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक. त्यात क्लाउनफिशची एक जोडी, दोन गोगलगाई, थोडी समुद्री वनस्पती आणि सच्छिद्र दगड. प्रवाळ नाही. जिवंत कोरल आपल्याकडे 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. दुकानदार "चालतं हो" म्हणतात, पण वाघ आणि कोरल एकाच यादीत आहेत हे कळल्यावर मला ते चालत नाही. क्लाउनफिशचं तसं नाही. ते टाक्यांमध्ये पैदास होतात. मंडपमच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केंद्रानेही ते करून दाखवलं आहे.

मीठ बादलीतून येतं, मासे पिशवीतून येतात. पाणी मात्र आमचं, बोअरचं. या लेखातली सगळी भानगड त्या पाण्याची आहे.

आमच्याकडे साधी आरओची जोडणी होती: गाळाची कॅन्डल, कार्बन, मेम्ब्रेन आणि शेवटी डीआयचा, म्हणजे रेझिन भरलेला एक डबा. बोअरचं पाणी टीडीएस मीटरवर सातशेच्या आसपास, मेम्ब्रेननंतर चाळीस, डीआयनंतर शून्य. गेल्या हिवाळ्यात मी त्यात आणखी दोन डबे जोडले. भिंतीला भोकं पाडताना अब्बा खुर्चीवर बसून बघत होते. आमच्या घरची बोली नागपुरी हिंदी. ते म्हणाले, "मीटर झिरो दिखा रहा ना बेटा, तो ये और दो डब्बे काय को?"

त्यांचा प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता. अब्बा दोन वर्षांपासून डायलिसिसवर आहेत. आठवड्यातून दोनदा आम्ही रेल्वेने नागपूरला जातो, बुधवारी आणि शनिवारी. शुक्रवार त्यांनीच नको म्हटला, जुम्मा चुकतो म्हणून. त्यामुळे पाणी, नळ्या आणि झिरो या विषयांत घरात सगळ्यांत जास्त अनुभव त्यांचाच आहे.

आधी उन्हाळ्याचा हिशेब सांगतो. विदर्भातला मे तुम्हाला माहीत आहे. पारा 45 च्या आसपास, हवा कोरडी, वरून टँकचं पाणी थंड राहावं म्हणून पृष्ठभागावर दोन छोटे पंखे. रोज तीन लिटर पाणी उडून जातं. उडतं ते नुसतं पाणी, मीठ खालीच राहतं. म्हणून भर घालायची ती गोड्या, शुद्ध पाण्याची. मार्च ते मे या तीन महिन्यांत ही भर 270 लिटर होते, म्हणजे टँकच्या दुपटीहून जास्त. त्या भरीच्या पाण्यात लिटरमागे नुसतं 2 मिलिग्रॅम नायट्रेट असलं, तरी तीन महिन्यांत 540 मिलिग्रॅम आत जातं आणि बाहेर काहीच येत नाही. आठवड्याला दहा लिटर पाणी बदलून थोडं निघतं, थोडं शेवाळ खातं. पण खातं म्हणूनच तर वाढतं. कोकणातला माणूस याच टँकला साध्या आरओवर निभावून नेईल. नरखेडचा उन्हाळा एवढ्या-तेवढ्याचं ओझं करून ठेवतो.

नायट्रेट आमच्या विहिरींत येतं कुठून, हेही सांगायला हवं. बागेला युरिया पडतो, जमिनीतले जीवाणू त्याचं नायट्रेट करतात. आता गंमत बघा. आमची काळी माती स्वतःच एक डीआयचा डबा आहे, पण अर्धाच. तिच्या चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो, म्हणून ती कॅल्शियम, पोटॅशियम, अमोनियम असले धन भाराचे आयन धरून ठेवते आणि अदलाबदल करते. इंग्लंडमध्ये 1850 साली थॉम्पसन आणि वे या दोघांनी मातीचा हा गुण नोंदवला, आणि आयन अदलाबदलीचं पुढचं सगळं शास्त्र तिथून सुरू झालं. नायट्रेट मात्र ऋण भाराचं. माती त्याला धरत नाही; पाऊस आला की ते सरळ खाली उतरतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. आणि आरओचा मेम्ब्रेन कॅल्शियम जितका चांगला अडवतो तितका नायट्रेट अडवत नाही.

दुसरी गोष्ट सिलिका. आमच्या खाली बेसाल्टचा खडक आहे, आणि बेसाल्टमधून येणाऱ्या पाण्यात सिलिका विरघळलेली असतेच. मेम्ब्रेन बरीचशी अडवतो, उरलेली पुढे जाते. टीडीएस मीटर हे खरं तर वीज वाहून नेण्याचं मोजमाप आहे. सिलिकावर जवळपास भारच नसतो, त्यामुळे मीटरच्या लेखी ती नाहीच. मीटर शून्य दाखवत असतो आणि टँकच्या पांढऱ्या वाळूवर तपकिरी मखमल पसरत जाते. ती डायटमची, ज्यांची कवचंच सिलिकाची असतात. मुलगी रोज वहीत मीटरचा आकडा लिहिते. तिच्या वहीत सलग एकवीस दिवस शून्य होतं आणि बाविसाव्या दिवशी तिने कंसात लिहिलं: "वाळू चहासारखी."

तर आता ते दोन डबे. आधीच्या एकाच डब्यात दोन्ही प्रकारचं रेझिन मिसळलेलं होतं. एक प्रकार धन आयन घेऊन हायड्रोजन सोडतो, दुसरा ऋण आयन घेऊन हायड्रॉक्सिल सोडतो, आणि दोघांचं मिळून पाणी होतं. अडचण अशी की दोन्ही एकाच वेळी संपत नाहीत. बोअरच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, तो वायू असल्यामुळे मेम्ब्रेनमधून आरामात जातो आणि ऋण आयन धरणारं रेझिन खाऊन टाकतो. अर्धा डबा मेला की पूर्ण डबा फेकायचा. म्हणून आता मेम्ब्रेननंतर पाणी रात्रभर ड्रममध्ये ठेवतो, त्यात हवेचा दगड सोडतो, वायू उडून जातो. हा सगळ्यांत स्वस्त टप्पा, आणि तो कुणी विकत नाही म्हणून कुणी सांगतही नाही. सकाळी ड्रममधलं पाणी छोट्या पंपाने पुढे: पहिल्या डब्यात फक्त धन आयन धरणारं रेझिन, दुसऱ्यात फक्त ऋण आयन धरणारं, आणि तिसरा जुना, मिश्र. पहिल्या डब्यानंतर मीटर लावून बघितलंत तर आकडा कमी व्हायच्या ऐवजी वाढलेला दिसेल. घाबरू नका, तिथे पाणी आम्लधर्मी झालेलं असतं आणि आम्ल वीज छान वाहून नेतं. दुसऱ्या डब्यानंतर आकडा कोसळतो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या डब्याच्या मध्ये मी एक कॉक बसवला आहे. अब्बांच्या प्रश्नाचं खरं उत्तर तो कॉक आहे. रेझिन संपतं म्हणजे नुसतं काम थांबवत नाही. ते पकडलेलं सोडायला लागतं. जे आयन त्याला घट्ट चिकटतात, ते आल्यावर सैल चिकटलेल्यांना ढकलून देतात. सल्फेट आलं की सैल बसलेल्यांना जागा सोडावी लागते. सिलिका आणि फ्लोराइड सगळ्यांत सैल. महिनाभर गोळा केलेलं मग दोन-चार दिवसांत बाहेर पडतं, आणि तेव्हा बाहेर येणारं पाणी आत जाणाऱ्यापेक्षाही वाईट असू शकतं. डबा एकच असेल तर हे सगळं थेट टँकमध्ये जातं. मागे आणखी एक ताजा डबा असेल तर तो झेलतो, आणि मधल्या कॉकमधून दर पंधरा दिवसांनी पाणी काढून सिलिकाची थेंबांची चाचणी केली की पहिलं दगावतंय हे आधी कळतं. शेवटचा डबा पाणी आणखी शुद्ध करायला नाहीच. शून्याच्या खाली काय शुद्ध करणार? तो पुढच्या दोघांवर पहारा द्यायला आहे.

माशांच्या बाबतीत हे चुकलं तर वाळू तपकिरी होते. माणसांच्या बाबतीत काय होतं, तेही घडून गेलं आहे. 1993 च्या जुलैमध्ये शिकागोतल्या एका रुग्णालयात डायलिसिसच्या पाण्याचं डीआय रेझिन संपलेलं होतं आणि त्याने साठवलेलं फ्लोराइड सोडलं. 12 रुग्ण आजारी पडले, 3 दगावले. अब्बांना हे सांगावं की नाही यावर मी दोन दिवस घालवले. मग सांगितलं. ज्याच्या रक्ताशी पाण्याचा संबंध येतो त्याच्यापासून पाण्याची गोष्ट लपवण्यात मला अर्थ वाटला नाही. मिनिटाला अर्धा लिटर, चार तास: एका डायलिसिसला 120 लिटर द्रव रक्ताच्या पलीकडून, एका पातळ पडद्याआड, वाहत जातो. बरोबर आमच्या टँकएवढा. आपण दिवसाला दोन-तीन लिटर पितो आणि मध्ये आतडं असतं. तिथे मध्ये फक्त तो पडदा.

अब्बा घाबरले नाहीत. पुढच्या बुधवारी त्यांनी तिथल्या टेक्निशियनला विचारलं, "भाऊ, तुमचं पाणी कोण बघतं?" तो पोरगा मोवाडकडचाच निघाला. मशीनला लावून झाल्यावर तो मला मागच्या खोलीत घेऊन गेला. तिथे कार्बनच्या दोन टाक्या एकामागे एक. क्लोरिन आणि क्लोरामाइन रक्तात गेलं तर तांबड्या पेशी फुटतात, म्हणून पहिल्या टाकीनंतरचं पाणी प्रत्येक पाळीला तपासायचं आणि रजिस्टरमध्ये लिहायचं. दोन टाक्यांच्या मध्ये, पितळेचा, एक छोटा कॉक. मी मोबाइलवर फोटो काढून अब्बांना दाखवला. ते सुया लावलेल्या हाताकडे न बघता बराच वेळ तो फोटो बघत होते.

आता दुसरी बाजू, जी जास्त बोचते. घरगुती आरओ एक लिटर द्यायला सुमारे तीन लिटर सोडून देतो. आणि आम्ही राहतो कुठे? भूजल अति उपशामुळे अटल भूजल योजनेत नागपूर जिल्ह्यातले जे दोन तालुके घेतले, काटोल आणि नरखेड, त्यातल्या दुसऱ्यात. आंबिया बहाराच्या बागा उन्हाळ्यात वाचवायला लोक आणखी खोल बोअर मारतात आणि कोरड्या बोअरचं कर्ज फेडतात. अशा गावात दोन माशांसाठी रोज दहा-बारा लिटर नालीत सोडणं मला जमणारं नव्हतं. वाहत्या नदीकाठी बसूनसुद्धा वुजूत पाणी उधळू नये ही शिकवण लहानपणी अब्बांनीच कान धरून दिलेली.

सोडलेलं पाणी घाण नसतं, फक्त जास्त खारट-जड असतं. ते पाक आहे, त्याने वुजू होतो, फरशी पुसता येते, संडासाला चालतं. संत्र्याच्या झाडाला नको. संत्रा क्षार सहन करत नाही. आमच्याकडे ते एका कॅनीत जमा होतं आणि अब्बा त्यातून तांब्याने मोजून घेतात. मुंबईच्या जामा मशिदीच्या हौजात मासे असतात, त्या पाण्यात लोक वुजू करतात. अब्बांचं म्हणणं, आपल्याकडे उलटं आहे, माशांनी नाकारलेलं पाणी आपल्याला. डबे वाढल्याचा इथेही उपयोग झाला. मागे डीआयची ताकद आहे म्हणून मी मेम्ब्रेनचा सोडण्याचा कॉक थोडा आवळला. आता एकाला दोन लिटर जातात. जड पाण्याने मेम्ब्रेन लवकर बसेल, रेझिन थोडं जास्त खपेल. खपू दे. मेम्ब्रेन दुकानात मिळतो.

संपलेलं रेझिन ॲसिड आणि कॉस्टिक सोड्याने पुन्हा ताजं करता येतं, वेगवेगळे डबे असले की ते आणखी सोपं. मी करत नाही. ते ॲसिड नंतर ओतायचं कुठे, याचं घरात उत्तर नाही.

यंदा आणखी एक करायचं आहे. पावसाच्या पाण्यात क्षार जवळपास नसतातच. त्याला आरओ लागत नाही. पहिले दोन-तीन पाऊस टिनावरची धूळ धुवायला सोडून द्यायचे, मग गाळ, कार्बन आणि सरळ तीन डबे. एक थेंबही सोडावा लागणार नाही. याच तालुक्यातल्या मोवाडला 1991 च्या जुलैत वर्धेच्या पुराने दोनशेवर माणसं नेली, आणि त्याच तालुक्यात आता आम्ही पाऊस ड्रममध्ये धरायला निघालो आहोत. 200 लिटरचे दोन निळे ड्रम आणले आहेत. जागा अब्बांनी ठरवली, अंगणात न्हाणीच्या बाजूला, जिथे टिनाचा उतार येतो. पाइप अडीच इंचीच घ्यायचा, तीन इंची कशाला, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.