दोन पेचकस

मागच्या हिवाळ्यात आम्ही घरच्या संगणकात नवी रॅम बसवायला घेतली. अंगात लोकरीचा स्वेटर, हातात नेहमीचा पेचकस. रॅम उचलताना बोटाला बारीकसा चटका बसला आणि नंतर संगणक काही सुरू होईना. इंदूरच्या कोरड्या थंडीत असे चटके रोजचेच. पण आपल्याला जाणवणारा चटका साधारण ३००० व्होल्टचा असतो आणि काही नाजूक भाग १०० व्होल्टच्या आतच बिघडतात, हे आम्हांला कुठे ठाऊक!

मग अँटिस्टॅटिक पेचकस आणला. नुसत्या काळ्या मुठीला भुलू नये. त्रिकोणात हात आणि वर कमान, ही ईएसडीची खूण पाहावी. सोबत मनगटाला बांधायचा, अर्थिंगला जोडलेला पट्टाही हवा. एकटा पेचकस पुरत नाही.

खरी घाबरगुंडी पुढेच. चिरंजीव तोच पेचकस घेऊन स्विचबोर्ड उघडायला निघाले! आम्ही ओरडलोच. ही मूठ वीज अडवत नाही, अंगावरचा भार हळूहळू वाहून जावा म्हणूनच ती केलेली असते. बोर्डासाठी १००० व्होल्टची खूण असलेला वेगळा पेचकस, तोही मेन स्विच बंद करून.

आता दोन्ही पेचकस वेगवेगळ्या डब्यांत आहेत. रॅमचे पैसे मात्र गेले ते गेलेच.