बेचाळिसावा बार

गेल्या सत्रात म्युझिक क्लबच्या शनिवारच्या बैठकीत एका रचनेची बांधणी समजावून सांगण्याची पाळी माझ्यावर आली. मी मोझार्टच्या सी मेजर पियानो सोनाटाची पहिली मूव्हमेंट निवडली. ही सोनाटा के. ५४५ या क्रमांकाने ओळखली जाते. २६ जून १७८८ रोजी मोझार्टने आपल्या रचनांच्या वहीत तिची नोंद केली, ती 'नवशिक्यांसाठी' अशी. काम सोपे आहे, असे मला वाटले. मी शाळेच्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवतो. पियानो जेमतेम येतो, पण बार मोजायला मी चुकत नाही.

पुस्तकातली आकृती मी फळ्यावर काढली. सोनाटा फॉर्मचे तीन भाग असतात. एक्स्पोझिशनमध्ये पहिली सुरावट मूळ पट्टीत येते आणि दुसरी वेगळ्या पट्टीत. डेव्हलपमेंटमध्ये संगीत दूरच्या पट्ट्यांत फिरून येते. शेवटी रिकॅपिट्युलेशनमध्ये दोन्ही सुरावटी मूळ पट्टीत परततात. पेटीच्या भाषेत सांगायचे तर आधी 'सा' पांढरी एकवर, मग पांढरी पाचवर, थोडी भटकंती, आणि अखेर पुन्हा पांढरी एकवर.

या मूव्हमेंटचे एकूण ७३ बार. मी खडूने तीन तुकडे पाडले : १ ते २८, २९ ते ४१ आणि ४२ ते ७३. "बेचाळिसाव्या बारला पहिली सुरावट सी मेजरमध्ये घरी परत येते," असे मी ठासून सांगितले.

आठवीतला एक कॅडेट उभा राहिला. तो ही रचना तेव्हा बसवत होता. "सर, तिथे सी नाही. ती एफपासून सुरू होते. पुढच्याच बारमध्ये डाव्या हाताला बी फ्लॅट आहे."

मी म्हणालो, "बैस खाली. तुझ्या प्रतीत छपाईची चूक असेल."

"येस सर," म्हणून तो बसला. दोघे-तिघे हसले. बैठक संपली.

रात्री प्रेपच्या वेळी मी स्वरलिपी उघडली. बेचाळिसाव्या बारला सुरावट तीच होती : सा ग प, नी सा रे सा. पण 'सा' पांढरी चारवर होता, म्हणजे एफ मेजर. छपाईत काही चूक नव्हती. मी बार बरोबर मोजले होते, पण त्यांच्यातले सूर वाचलेच नव्हते.

मग मी नीट शोध घेतला. सोनाटा फॉर्मचे नियम पुस्तकांत पक्के झाले ते एकोणिसाव्या शतकात. मोझार्ट १७९१ मध्येच वारला होता. जो नकाशा मी त्याच्या रचनेवर ठेवून पाहत होतो, तो त्याच्यानंतर काढलेला होता. मॅप रीडिंगच्या तासाला आम्हांला शिकवतात की नकाशा आणि जमीन जुळली नाही, तर जमिनीवर विश्वास ठेवावा. मी तर जमीन पाहिलीच नव्हती.

रविवारी फोनवर आईला हे सांगितले. ती भजनी मंडळात पेटी वाजवते. पट्टीची गंमत तिला लगेच कळली. मग तिने एवढेच विचारले, "त्या मुलाला सांगितलंस का?"

मी गप्प राहिलो. सातवीत इथे आलो तेव्हापासून सीनियरने ज्युनियरची चूक काढावी, हेच पाहत आलो होतो. उलटे कसे करायचे, हे ठाऊक नव्हते. आठवडाभर मेसमध्ये तो समोर दिसला की मी नजर चुकवत होतो.

पुढच्या शनिवारी मी फळ्यावर 'बार ४२ : एफ मेजर' असे लिहिले आणि सर्वांसमोर म्हणालो, "मागच्या वेळी मी चुकलो. हा बरोबर होता." मग त्यालाच पियानोवर बसवले.

त्याने वाजवून आणखी एक गोष्ट दाखवली. सी ते जी जेवढे अंतर, तेवढेच एफ ते सी. म्हणजे मोझार्टने सारे जसेच्या तसे एफमध्ये उतरवले असते, तरी दुसरी सुरावट आपोआप सी मेजरमध्ये पोहोचली असती. पण त्याने तसे केले नाही. पहिल्या वेळी फक्त उजवा हात वाजवतो त्या धावत्या सरगमी इथे डाव्या हातालाही दिल्या आणि चार बार वाढवले. म्हणून एक्स्पोझिशन २८ बारांचे, तर रिकॅपिट्युलेशन ३२ बारांचे आहे. ते चार बार मी मोजले होते, पण का वाढले, हा प्रश्न मला पडला नव्हता. दुसरी सुरावट सी मेजरमध्ये आली, तेव्हा घरी पोहोचल्यासारखे खरोखर वाटले.

बैठकीनंतर तो म्हणाला, "थँक यू, सर." मी म्हणालो, "पुढची रचना आपण दोघे मिळून मांडू." या सत्रात हाइडनची एक मूव्हमेंट घेतली आहे. या वेळी आधी तो वाजवतो, मी ऐकतो. फळ्यावरची आकृती आम्ही त्यानंतर काढतो.