मनीचे स्थलांतर

किनवटसारख्या तालुक्याच्या गावी, जिथे मागच्या खोलीत अजूनही ज्वारीच्या पोत्यांची थप्पी लागते आणि हंगामात कापूस रचून ठेवला जातो, तिथे मांजर हा घराच्या व्यवस्थेचाच भाग असतो. उंदरांचा बंदोबस्त ही त्याची चाकरी आणि त्याबदल्यात दोन वेळचे दूधभाकर हा त्याचा हक्क, असा हा जुना व्यवहार आहे. पैनगंगेच्या काठच्या या गावाला लागून असलेल्या गोकुंद्यात, सागवानी वाशांवर कवेलू घातलेल्या एका घरी वाढलेली मनी ही राखाडी पट्ट्यांची देशी मांजर याच परंपरेतली होती. मात्र उतारवयात तिला विमानाने दिल्लीला जावे लागले, आणि त्यामुळे तिचे चरित्र नोंद करण्याजोगे ठरते.

मनीचा मुलूख अंगणातल्या कडुनिंबापासून स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापर्यंत होता. मांजराच्या गालांवर आणि हनुवटीखाली सूक्ष्म ग्रंथी असतात. गाल घासून ते वस्तूंवर आपला गंध सोडते आणि त्या गंधाने भारलेली जागा त्याला सुरक्षित वाटते. मधल्या खोलीच्या सागवानी खांबावर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, मनीच्या रोजच्या घासण्याने तेलकट काळसर पट्टा उमटला होता. घरातल्या आजी खांब पुसताना तेवढा भाग सोडून देत. तो मनीचा आहे, असे त्या म्हणत.

आजोबांच्या निधनानंतर आजींना दिल्लीला मुलाकडे नेण्याचे ठरले, तेव्हा मनीचा प्रश्न उभा राहिला. मांजर घराला धरून असते, माणसाला नाही, तेव्हा तिला शेजाऱ्यांकडे सोडावे, असा सल्ला अनेकांनी दिला. त्यात तथ्य होते, परंतु ते अर्धेच होते. कारण ज्या गंधांमुळे घर मांजराला आपले वाटते, त्यांत सांभाळणाऱ्या माणसाचा गंधही असतो. आजींनी सल्ला ऐकून घेतला आणि शेजारी बसलेल्या मनीलाच विचारले, “मने, तू इथं कुणाच्या भरवशावर राहशील गं?” निर्णय त्या प्रश्नातच झाला होता.

किनवट मुदखेड–आदिलाबाद लोहमार्गावर आहे, पण रेल्वेच्या नियमानुसार लहान प्राण्याला गार्डच्या डब्यातल्या पेटीतून पाठवावे लागते किंवा प्रथम वर्गाचा संपूर्ण कूपे राखून घ्यावा लागतो. शिवाय गाडी बदलत केलेला दिल्लीचा प्रवास लांबचा. म्हणून विमानाचा विचार झाला. मांजराने विमानात बसणे ही कल्पना नवी नाही: जॉन मोइझां या वैमानिकाने 1910 साली विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली, तेव्हा त्याच्यासोबत यांत्रिकाखेरीज फिफी नावाचे मांजराचे पिल्लूही होते. भारतात एअर इंडिया पूर्वीपासून केबिनमध्ये, म्हणजे प्रवाशांच्या कक्षात, लहान प्राणी नेऊ देत असे. नोव्हेंबर 2022 पासून आकासा एअरनेही पेटीसह 7 किलोपर्यंतच्या कुत्र्या-मांजरांना ती मुभा दिली. एका उड्डाणात मोजक्याच प्राण्यांना जागा असते, म्हणून तिकिटाबरोबरच त्यांचीही नोंदणी करावी लागते.

खरा प्रवास निघण्याच्या कितीतरी आधी सुरू झाला. बाजूंना जाळी असलेली मऊ पिशवी आजींच्या जुन्या लुगड्याचा तुकडा अंथरून मधल्या खोलीत उघडी ठेवली गेली, आणि मनीचे जेवण आधी तिच्या शेजारी व पुढे तिच्या आत ठेवले जाऊ लागले. काही दिवसांनी मनी दुपारची झोपही तिथेच घेऊ लागली. मग पिशवी बंद करून तिला रिक्षाने स्टेशनपर्यंत नेऊन आणण्याचा सराव झाला. पशुवैद्यकांनी रेबीजची लस वेळेत टोचली आणि निघण्यापूर्वी तपासून, ती उड्डाणास योग्य असल्याचा दाखला दिला. गुंगीचे औषध देण्याची घरच्यांची सूचना मात्र त्यांनी नाकारली: अशा औषधाने रक्तदाब उतरू शकतो, श्वास मंदावतो आणि तोल सांभाळणे जड जाते, त्यामुळे प्राणी शांत दिसला तरी त्याचा धोका वाढलेला असतो.

आदिलाबाद–निर्मळमार्गे मोटारीने हैदराबाद गाठले, तेव्हा मळमळ होऊ नये म्हणून मनी उपाशीपोटी होती. विमानतळावरच्या सुरक्षा तपासणीत पिशवी क्ष-किरण यंत्रातून जाते आणि प्राण्याला हातात धरून धातुशोधक चौकटीतून न्यावे लागते. बिथरलेले मांजर निसटण्याची सर्वाधिक शक्यता याच क्षणी असते, म्हणून मनीला छातीपट्टा बांधलेला होता, तरीही तिची नखे आजींच्या पदरात रुतली. पिशवी समोरच्या आसनाखाली ठेवली गेली. केबिनमधला हवेचा दाब जमिनीइतका राखला जात नाही. तो सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या डोंगराइतका असतो, आणि विमान चढता-उतरताना कानाच्या पडद्यावर ताण येतो, जो गिळण्याने हलका होतो. त्यातच माणसाच्या कानाची वरची मर्यादा वीस हजार हर्ट्झच्या आसपास असताना मांजर साठ हजारांच्याही पलीकडचे ऐकते, त्यामुळे त्या घरघरीत तिला काय काय ऐकू येत असेल याचा अंदाज माणसाला येत नाही. मनी पंजे पोटाखाली घेऊन पिशवीच्या मागच्या कोपऱ्याला चिकटून राहिली, एकदाही ओरडली नाही, आणि वाकून बसलेल्या आजींचे बोट जाळीला लागले की तेवढ्यापुरते नाक पुढे करी.

दिल्लीच्या घरात तिला आधी एकच खोली दिली गेली आणि लुगड्याचा तोच तुकडा तिथल्या पलंगाच्या पायांवर फिरवण्यात आला. पहिले काही दिवस ती पलंगाखालून केवळ रात्री बाहेर येई. एका सकाळी तिने पलंगाच्या पायाला गाल घासला, आणि त्या दिवसापासून तिला बाकीचे घर मोकळे झाले. म्हातारपणी अनेक मांजरांप्रमाणे तिचेही मूत्रपिंड थकले आणि तिचा शेवट त्याच घरात, आजींच्या देखरेखीखाली झाला.

किनवटसारख्या गावांतली मुले शिक्षण-नोकरीसाठी दूर जातात आणि मागून आईवडीलही जातात, तेव्हा घरातले जनावर मागे सोडणे हा आजवर गृहीत धरलेला भाग होता. केबिनमधली ही मुभा वजनाच्या मर्यादेने आणि खर्चाने बांधलेली आहे. मोठा कुत्रा, गाय किंवा शेळी यांना तिचा उपयोग नाही. तरीही मांजर माणसाबरोबर जाऊ शकते, एवढे मनीने सिद्ध केले आहे. मात्र आपण कुठे आणि का चाललो आहोत हे प्राण्याला सांगता येत नाही. म्हणून तिकीट काढणाऱ्याने निघण्याआधीचे आठवडे त्याच्यासाठी राखून ठेवणे, हे त्याचे किमान देणे आहे.