वाढीव दाब

औरंगाबादजवळच्या शेंद्र्याला ज्या स्कोडा ऑक्टाव्हिया गाडीची जुळणी होत असे, तिची आर. एस. ही चपळ आवृत्ती 2004 साली आपल्याकडे विक्रीस आली, आणि प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह असलेले तिचे 1781 सीसीचे टर्बो इंजिन व हाताने बदलावयाचे पाच गिअर यांच्या संयोगाने त्या काळच्या तरुणांच्या मनात जो अनुराग उत्पन्न केला, तो त्या गाड्यांचा रंग उडून गेला तरी अद्याप ओसरलेला नाही. आपल्याकडे हे इंजिन 150 अश्वशक्तीचे होते. युरोपात विकल्या जाणाऱ्या तिच्या भगिनीस 180 होती. एवढ्या तफावतीपायी कित्येक मालक माझ्या गॅरेजची पायरी चढले. आल्याबरोबर बहुतेकांचे मागणे एकच असते, ते रिमॅपचे, म्हणजे इंजिनाच्या संगणकातला मॅप नव्याने लिहून शक्ती वाढविण्याचे: "काका, फक्त रिमॅप मारून द्या, बाकी काही नको." माझे उत्तरही ठरलेले आहे: "आधी क्लच बघू, मग बोलू."

टर्बोची कल्पना मूलतः सरळ आहे. आल्फ्रेड ब्यूकी या स्विस अभियंत्याने 1905 मध्ये तिचे पेटंट घेतले: सायलेन्सरवाटे वाया जाणाऱ्या तप्त वायूंनी एक चक्र फिरवावे, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरावी, आणि त्या अधिक हवेबरोबर अधिक पेट्रोल जाळून अधिक शक्ती काढावी. या दांड्याच्या फेऱ्या मिनिटाला लाखाच्या पुढे जातात आणि त्यास आधार असतो तो तेलाच्या एका पातळ थराचा. हे ज्यास उमगले आहे तो तेल बदलताना कंजुषी करीत नाही. अडचण अशी की दाबलेली हवा तापते. 35 अंशांची हवा दुप्पट दाबापर्यंत नेली तर टर्बोच्या मुखाशी तिचे तापमान सुमारे 130 अंशांवर जाते, आणि तापून विरळ झालेली ती हवा दाबाचा निम्मा लाभ परत हिरावून घेते. म्हणून मध्ये इंटरकूलर. या गाडीचा मूळ इंटरकूलर पुढच्या चाकासमोरच्या कोपऱ्यात दडवलेला, लहानसा. मे महिन्याच्या दुपारी वाहतुकीत अडकलेल्या गाडीत तो स्वतःच तापून बसतो. तो काढून बंपरमागे मोठा, समोरून वारा घेणारा इंटरकूलर बसविणे हे, माझ्या मते, दाब वाढविण्याच्या आधीचे काम आहे, नंतरचे नव्हे.

त्याच्याही आधी एक अनाकर्षक काम असते. वीस वर्षांत रबरी नळ्यांना भेगा पडतात, डायव्हर्टर व्हॉल्व्हचा पडदा फाटतो, हवा मोजणाऱ्या सेन्सरवर मळ बसतो. नळ्यांत हवा भरून सांध्यांवर साबणाचे पाणी सोडले की बुडबुडे आपोआप चुगली करतात. अशी गळती बंद केल्यावर गाडीचा मूळ पिकअप परत येतो आणि काही मालक तेवढ्यावरच तृप्त होऊन रिमॅपचा विषय सोडून देतात. (पंपावर आता मिळणाऱ्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलाने या वयाच्या रबराची परीक्षा अधिकच कडक केली आहे, आमच्या उसाचा अंश शेवटी या इंजिनातही शिरला, याचे कौतुक वाटावे की चिंता, हे मी ठरवू शकलेलो नाही.)

रिमॅपविषयी मात्र सविस्तर बोलले पाहिजे, कारण गैरसमज तेथेच फार आहेत. युरोपातल्या 98 ऑक्टेनच्या पेट्रोलासाठी लिहिलेला मॅप जसाच्या तसा उचलून 91 ऑक्टेनवर चालणाऱ्या गाडीत घातला, की इंजिन नॉकिंग करू लागते. ते ऐकणारे सेन्सर ठिणगी मागे ढकलतात, एक्झॉस्ट तापतो आणि कागदावर दिसलेली शक्ती रस्त्यावर येईपर्यंत वितळते. दुसरी गोष्ट याहून गंभीर. या इंजिनाचे कनेक्टिंग रॉड बारीक आहेत, आणि रॉड वाकतो तो कमी फेऱ्यांवर एकाएकी आलेल्या टॉर्कमुळे, कारण सिलिंडरातला दाब त्या क्षणी परमावधीस पोचलेला असतो. लहान टर्बो लवकर जागा होतो. आणि गिअर खाली टाकण्याचा आळस करून, पाचव्यातच अॅक्सिलरेटर तळाशी दाबण्याची सवय असलेला चालक त्यास नेमकी ती संधी देतो. म्हणून माझ्या मॅपात तीन हजार फेऱ्यांच्या खाली बूस्ट मुद्दाम आवरलेला असतो. गाडी "एकदम उडी मारत नाही" अशी तक्रार त्यामुळे येते. ती मी ऐकून घेतो आणि मॅप तसाच ठेवतो.

कालव्याचे तोंड रुंद करून शेतापर्यंतचा पाट जुनाच ठेवला तर बांध फुटतो कोठे, हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. गाडीतही वाढलेला टॉर्क इंजिनाकडून पुढे जाताना जेथे सर्वांत दुबळा भाग असेल तेथेच वाट काढतो. पहिला बळी क्लचचा. खंबाटकीच्या चढावर, वरच्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला असता फेऱ्यांचा काटा चढला आणि वेगाचा काटा जागीच राहिला, तर क्लचप्लेट घसरते आहे हे निश्चित समजावे. क्लच बदलून पकड घट्ट केली की तोच भार गिअरबॉक्समध्ये उतरतो, आणि तेथे डिफरन्शियलचे मोठे दातेरी चक्र रिव्हेटांनी जोडलेले असते. गिअरबॉक्स एकदा उघडलाच आहे तर रिव्हेट काढून बोल्ट बसवून घ्यावेत, कारण तो पुन्हा उतरविण्याची मजुरी बोल्टांच्या किमतीहून कितीतरी अधिक पडते.

ब्रेकविषयी थोडक्यात. डॉट 4 या प्रतीचे ब्रेक ऑइल कोरडे असताना किमान 230 अंशांवर उकळते, पण हवेतली आर्द्रता शोषल्यावर तीच मर्यादा 155 पर्यंत खाली येऊ शकते. कोकणातल्या दमट हवेत राहणाऱ्या गाडीने आंबाघाट उतरण्यापूर्वी हे ध्यानात ठेवावे, आणि उतारावर गिअर खाली टाकून इंजिनासही आपला वाटा उचलू द्यावा.

राहिला सरकार दरबारचा प्रश्न. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकाल यांचा आशय असा की, नोंदणीच्या दाखल्यावरील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरतील असे फेरफार करता येत नाहीत. शिवाय विमा कंपनीपासून लपविलेला बदल दाव्याच्या वेळी मालकाच्याच अंगावर येतो. ज्यांना शक्तीचीच हौस आहे त्यांनी कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेसारख्या ट्रॅकवर ती भागवावी. रस्त्यावरची गाडी घेऊन माझ्याकडे येणाऱ्यांनी मात्र क्लच शेवटचा कधी बदलला त्याची पावती, आरसी बुक आणि विम्याचे कागद एवढे बरोबर आणावेत. रिमॅपची गोष्ट त्यानंतर काढावी.